कुणाचा नकार राहिलाय का?

"कुणाचा नकार राहिलाय का?"

चष्मा कपाळावर चढवून, एक बोट हवेत धरून काकू हा प्रश्न विचारायच्या आणि मग ते बोट खोलीतल्या प्रत्येकावरून सावकाश फिरवायच्या. बोट आपल्यापाशी आलं की खरंच आठवायला लागायचं, आपलं काही राहिलंय का. त्या बोटाला मी अजून घाबरतो. कशाला खोटं बोलू?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत, इलिनॉयमधल्या नेपरव्हिलला त्या माझ्या शेजारी एकट्या राहायच्या. मूळच्या नागपूरच्या, साठीला आलेल्या, नवरा वारलेला, मुलगी दूर पश्चिमेला, सांता क्लाराला. गावच्या लायब्ररीत नोकरी. थंडीत नऊवारी नव्हे, पण पाचवारी साडीवर जाडजूड जॅकेट आणि पायात स्नो बूट घालून चालत जायच्या. बघणारे बघत राहायचे.

त्यांच्या डायनिंग टेबलावर जेवायला जागा नसायची. तिथे टाइपरायटर आणि पत्रांचे ढीग. नद्या, जंगलं, अणुभट्ट्या यांसाठी भांडणारे गट तेव्हा अमेरिकेत आणि कॅनडात गावोगावी निघाले होते, आणि प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. या सगळ्यांची मोट बांधून खंडभराची एक आघाडी करायची, हे काकूंनी मनावर घेतलं होतं.

"अरे, तिकडे युरोपात ज्यांनी एकमेकांवर बॉम्ब टाकले, त्यांचे हिरवे पक्ष आज एका टेबलाशी बसतात," त्या मला सांगायच्या. "आणि इथे ओहायोवाल्याला ओरेगनवाला चालत नाही! काय म्हणावं?"

आघाडीचा नियम एकच. मतदान नाही, बहुमत नाही. सगळ्यांचा होकार हवा. एकानेही 'नाही' म्हटलं की ठराव तिथेच अडला.

हा नियम त्यांनी आमच्या मराठी मंडळातही आणला, आणि अहो, काय गोंधळ झाला! गणपतीच्या जेवणात श्रीखंड की जिलबी? एक काका श्रीखंडाला 'नाही' म्हणून अडून बसले, एक मावशी जिलबीला. अडीच तासांनी सगळ्यांचा होकार मिळाला तो फक्त वरणभाताला. त्या वर्षी गणपतीत आम्ही गोड म्हणून नैवेद्याचा मोदक चौघांत एक खाल्ला. काकूंना मात्र भारी समाधान. "कुणी मनातल्या मनात चिडून तर घरी गेलं नाही ना?" म्हणाल्या. मी गेलो होतो, पण बोललो नाही.

त्याच टाइपरायटरवर त्यांनी माझ्या आईचा अर्ज टाइप करून दिला होता. मी नुकताच सिटिझन झालो होतो. वडील गेल्यापासून आई साताऱ्यात एकटी होती, तिला इकडे आणायचं होतं. फॉर्ममधली माझी प्रत्येक चूक काकूंनी खोडून नीट केली आणि पाकीट स्वतः पोस्टात टाकलं.

तीन वर्षांच्या पत्रापत्रीनंतर आघाडीची बैठक ठरली. पाच तासांवरच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये. काकू गाडी चालवत नसत, म्हणून मी. "नुसता ड्रायव्हर म्हणून येऊ नकोस," असं म्हणून त्यांनी मला इलिनॉयच्या गटाचा प्रतिनिधीही करून टाकलं.

आठवडाभर आधी ठरावाचा मसुदा पोस्टाने सगळ्यांना गेला. मलाही आला. पश्चिमेकडच्या एका मोठ्या गटाने शेवटच्या क्षणी त्यात दोन ओळी घालायला लावल्या होत्या. नाहीतर आम्ही येत नाही, म्हणाले. या खंडावर माणसं फार झाली आहेत, बाहेरून येणाऱ्यांना आता दार बंद करावं, आधी आलेल्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबांनाही. त्या ओळी काकूंनीच टाइप केल्या होत्या. मी त्या किचनमध्ये उभ्या उभ्या वाचल्या, दोनदा वाचल्या, आणि कागद घडी करून खिशात घातला.

बैठकीत सकाळभर छान चाललं. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. जेवणानंतर काकूंनी अध्यक्षांच्या खुर्चीवरून ठराव वाचला, त्या दोन ओळींसकट, आवाज न बदलता. मग चष्मा कपाळावर गेला.

"कुणाचा नकार राहिलाय का?" अर्थात इंग्रजीत.

बोट फिरलं. कुणी नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. चांगली, सुशिक्षित, प्रेमळ माणसं होती हो ती! सगळी गप्प. तिसऱ्यांदा बोट फिरत माझ्यापाशी आलं आणि थांबलं. मी हातातल्या कॉफीच्या कपात बघत राहिलो.

"माझा राहिलाय," काकू म्हणाल्या.

पश्चिमेकडचा तो उंच पुढारी उठला. अध्यक्षाला स्वतःचा नकार नोंदवता येत नाही, म्हणाला. "मग मी खुर्ची सोडते," असं म्हणून त्या खाली आल्या, माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या आणि हात वर केला. त्यांची तीन वर्षं त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत मोडून टाकली. पश्चिमवाले कागद गोळा करून निघाले, पाठोपाठ बाकीचेही. चार वाजता हॉलमध्ये आम्ही दोघंच खुर्च्यांच्या घड्या घालत होतो.

गाडीत मीच भडकलो. "दोन ओळींसाठी, काकू? तीन वर्षं घालवलीत!"

त्या बाहेर मक्याच्या शेतांकडे बघत होत्या.

"विचारणाऱ्याने आपलं मत सांगायचं नसतं रे," म्हणाल्या. "म्हणून थांबले होते. मला वाटलं, तू म्हणशील."

तरी त्या रागावल्या नाहीत. पुढच्या रविवारी डब्यातून कोथिंबिरीच्या नागपुरी सांबारवड्या आणून दिल्या आणि विचारलं, "आईचे कागद कुठवर आले?"

वसंतात त्या मुलीकडे गेल्या. तिथेच पुढच्या वर्षी वारल्या.

आई आली तेव्हा जानेवारी होता. शेजारचं घर बंद, दारापर्यंत बर्फ साचलेला. माझ्या पत्रांतून तिला काकू ठाऊक होत्या. सुटकेसमधून तिने त्यांच्यासाठी आणलेले कंदी पेढे काढले आणि विचारलं, "माझा अर्ज लिहून देणाऱ्या त्या बाई कुठे राहतात?"

मी ते घर दाखवलं. त्या गेल्या, हेही सांगितलं. त्या हॉलमध्ये तिच्यासाठी एकच हात वर झाला होता आणि तो माझा नव्हता, हे मात्र आई होती तोवर मला तिला सांगता आलं नाही.