बाराव्या खळग्यातली पुरचुंडी

माझ्या नवऱ्याला कुठल्याही दुखण्यावर यंत्र सापडतं. त्याची पाठ धरली तेव्हा पाठ चोळणारं यंत्र आलं. मला झोप लागेना तेव्हा समुद्राचा आवाज काढणारं आलं. दोन्ही सध्या दिवाणात एकमेकांशेजारी झोपलेली आहेत. त्यामुळे सासूबाई आमच्याकडे राहायला येऊन आठ महिने नुसत्या गप्प बसल्या, तेव्हा घरात लवकरच काहीतरी प्लगला लागणार हे मी ओळखलं होतं.

सासूबाई जासई गावच्या. घरामागे आता कंटेनरांचं यार्ड झालंय, पण पुढच्या अंगणात त्यांच्या कोंबड्या असायच्या. तिथेच एकदा पाय घसरून पडल्या, मनगट मोडलं, आणि नवऱ्याने त्यांना नेरूळला आमच्या फ्लॅटवर आणलं. कोंबड्या शेजारणीकडे गेल्या. मनगट दीड महिन्यात जुळलं, पण त्यांना परत पोचवायचं नाव हा घेईना. ते घर यार्डातल्या ड्रायव्हरांना भाड्याने द्यायचं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. आईला सांगितलं नव्हतं. पण फोनवर हा अशा आवाजात बोलतो की वरच्या मजल्यालाही बातमी होती. अडलं होतं एका किल्लीपायी. घराची किल्ली सापडत नव्हती. कुलूप तोडायचं तर आईला कारण सांगावं लागणार, आणि तेवढी हिंमत घरात कुठल्याच यंत्रात नव्हती.

मी कोणाच्या बाजूने होते? खरं सांगते, मलाही त्या गेल्या तर हवंच होतं. त्या भांडत नसत, टोमणे मारत नसत. फक्त मी कालवणात मीठ घातलं की उठून यायच्या, हातावर थेंब घेऊन चाखायच्या आणि काही न बोलता परत जायच्या. आठ महिने, रोज. एखादीने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

तर, इन्क्युबेटर आला. पिवळा डबा, वर पारदर्शक झाकण, आत अंड्यांसाठी बारा खळगे आणि टेम्परेचर दाखवणारा लाल आकडा.

"आई, तुझी पिल्लं इथेच काढू," नवरा म्हणाला.

"कोंबरी कुठं हाय यात?"

"कोंबडी लागतच नाही."

"दिस किती?"

"एकवीस."

"कोंबरीला पन तेवढंच लागतात," सासूबाई म्हणाल्या आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा हसल्या. त्या हसण्याने मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

नवऱ्याने मॉलमधून 'गावठी' अंड्यांचा खोका आणला. खोक्यावर गवत छापलेलं. सासूबाईंनी एक अंडं हातात घेऊन फिरवलं आणि खाली ठेवलं. "यांच्या आयनी कोंबरा कदी बघलाच नाय. आमलेट कर." नवरा मोबाइल घेऊन गॅलरीत गेला, बराच वेळ वाचत बसला आणि परत येऊन खोका फ्रिजमध्ये ठेवला. मग सासूबाईंनीच जासईला फोन लावला. शेजारीण दवाखान्याच्या कामाला नेरूळला येणार होती. तिने तांदळाच्या डब्यात रोवून अंडी आणली. सासूबाईंच्याच कोंबड्यांची.

त्यांनी अकराच ठेवली. अंडी उबवायला ठेवायची तर विषम. बाराव्या खळग्यात त्यांनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली एक पुरचुंडी ठेवली. आभाळ गरजलं की अंडी बिघडतात, म्हणून सोबत लोखंड ठेवायचं, ही त्यांच्याकडची रीत. नवरा अगदी मोठ्या मनाने हसला. शिकलेला मुलगा अडाणी आईला हसतो तसं. "राहू दे तुझं लोखंड," म्हणाला, आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला: विज्ञान आणि परंपरा, एकाच डब्यात. खाली नमस्काराचे हात जमले.

दुसऱ्या दिवशी डब्यात पाणी घालताना माझा हात पुरचुंडीला लागला. लांब दांडा, गोल कडी. जासईच्या दाराआड खिळ्याला लोंबणारी ती किल्ली मी लग्न झाल्यापासून पाहत आले होते. मी झाकण लावलं.

संध्याकाळी नवरा सगळे ड्रॉवर उपसत होता. "किल्ली पाहिलीस का कुठे?"

"तू शेवटची कुठे ठेवली होतीस?" मी म्हटलं. खोटं बोलायचं नसलं की मी प्रश्न विचारते.

पुढचे दिवस कामाची वाटणी अशी: पाणी घालायचं मी, डब्यापाशी बसायचं सासूबाईंनी, आणि ऑफिसातून फोन करून "टेम्परेचर किती?" विचारायचं त्याने. साडेसदतीस, मी सांगायचे. स्वतःच्या आईचा ताप त्याने इतक्या वेळा विचारला नसेल. आणि पुरचुंडी झाकणातून रोज त्याच्याकडे बघत होती.

एकविसाव्या दिवशी आतून टकटक सुरू झाली. एका अंड्याला चीर गेली आणि पिल्लू तिथेच अडकलं. नवरा चिमटा घेऊन धावला. व्हिडिओत कोणीतरी तसं केलं होतं. सासूबाईंनी त्याच्या हातावर फटका मारला. "त्याचं त्याला येवं दे." ते आलं, ओलं, कुरूप, लुळ्या मानेचं. मी यंत्राची इतके दिवस टिंगल केली होती, पण त्या क्षणी माझे डोळे भरून आले. अकरापैकी नऊ निघाली.

ग्रुपवर बदाम आले. पाच दिवसांनी तक्रार आली. सेक्रेटरी स्वतः दारात उभे. जन्म शिरवणे गावातला, लहानपण कोंबड्यांमागे धावण्यात गेलेलं. "मॅडम, पर्सनली मला काय प्रॉब्लेम नाय. पन आवाज, वास... लोकांना टेन्शन होतं." दर रविवारी आमच्या प्रत्येक मजल्यावर कोंबडी शिजते, तो वास कोणाला लागत नाही. कोंबडी जिवंत असली की सोसायटीला नियम आठवतात.

"माझ्या मित्राचं फार्महाउस आहे, तिथे देऊ," नवरा म्हणाला.

"परक्याकडं कशाला? माजं घर हाय ना."

"आई, घराला कुलूप आहे. किल्ली..."

सासूबाई उठल्या. रिकाम्या डब्याचं झाकण काढलं, पुरचुंडी सोडली आणि किल्ली कमरेला खोचली. नवरा डब्याकडे, मग आईकडे आणि शेवटी माझ्याकडे बघत राहिला.

"तुला माहीत होतं?"

"मी पाणी घालत होते," मी म्हटलं. "टेम्परेचर तू बघत होतास."

ड्रायव्हरांचा विषय त्याने त्या दिवशी काढला नाही. आईसमोर काढायची सोयच उरली नव्हती. गाडीची चावी घेऊन तो खाली गेला.

लिफ्टपाशी मी पिल्लांचा खोका धरून उभी होते. इतक्या दिवसांनी सासूबाईंचा चेहरा हलका झालेला दिसत होता, आणि माझ्या घरातून जाताना तो तसा व्हावा हे मला लागलं. "राहा ना अजून," असं म्हणावंसं वाटलं. पण त्या खरंच राहिल्या तर, या विचाराने तोंड उघडलं नाही.

त्यांनीच खोका माझ्या हातातून घेतला. "तुज्या कालवनात मीठ बरूबर असतं गो. पयल्यापासना."

"मग रोज का चाखायचात?"

"दुसरं काम काय व्हतं मना तुज्या घरात?"

लिफ्ट खाली गेली. त्या संध्याकाळी मी कालवणात मीठ घातलं आणि चमचा हातात धरून दाराकडे बघत राहिले.