पिंपळाचे वकील

९ एप्रिल, गुरुवार. गच्चीवर वाळत घातलेले बिबडे, आमच्याकडचे ज्वारीचे पापड, उलटत होते, तेव्हा धुळ्याच्या दवाखान्यातून आबांचा फोन आला. डोळ्यावरची पट्टी निघाली होती. "आते बठ्ठं दिसस," ते म्हणाले. उद्या कपडे घ्यायला गावात येणार, मग कायमचे सुरतेला मुलीकडे. "जाता जाता शाळानी भीत दखीसन जास," म्हणाले आणि फोन ठेवला.

भडगावजवळच्या आमच्या गावात आबा ओळखले जात ते हातातल्या केळ्यांच्या फणीवरून आणि तोंडातल्या शंकेवरून. केळीचा व्यापार मुलाकडे सोपवल्यापासून ते नातवंडांची विज्ञानाची पुस्तकं वाचत आणि जिल्हा परिषद शाळेच्या प्रत्येक पालकसभेला येत. आधी सगळ्यांना केळी वाटत. "तोंड भरेल ऱ्हास तवय मानूस ऐकस." मग उभे राहत, "मनी एक शंका शे."

गेली दोन वर्षं शंका एकच. शाळेच्या भिंतीवर हिरवागार पिंपळ रंगवलाय. खाली ठळक अक्षरांत 'पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो', आणि त्याखाली देणगीदार अण्णांचं नाव. आबा विचारत, "ऑक्सिजन कराले पानले ऊन लागस. मंग रातले हाऊ ऊन कथाईन आनस?"

मुलं हसत. अण्णा हसत नसत. "आबा, देवना झाडशी काय दुस्मनी शे तुमनी?"

पारावरच्या पिंपळाला रोज सकाळी पाणी कोण घालतं, हे अण्णांनाही माहीत होतं.

"दुस्मनी नही, वकिली शे," आबा म्हणत. "तेना नावे खोटं नका लिखू."

शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष मी. मला दिसत होतं ते गळकं छप्पर, आणि नवे पत्रे अण्णा देणार होते. "पत्रे बसू द्या आबा, मग बघू," असं मी दर सभेत म्हणे. आबांनी तालुक्याला अर्ज दिले, चकरा मारल्या. उत्तर आलं, समितीने ठरवावं. म्हणजे पुन्हा मीच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी धुळ्याला भेटायला गेले. त्यांनी पहिलं विचारलं, "भीतनं काय व्हयनं?"

"मिटवलं आबा ते वाक्य," मी बोलून गेले. ते आडवे झाले. आजारी माणसाला दिलासा दिला, असं मी येताना बसमध्ये स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो प्रश्न मला पुन्हा ऐकायचा नव्हता.

फोननंतर बिबडे आवरले. पहाटे जाऊन वाक्य पुसता आलं असतं. चुना घरात होता. आबांना कळलंही नसतं. तेच मला नको वाटलं.

शुक्रवारी सकाळची शाळा भरताना मी चुन्याची बादली आणि ब्रश घेऊन भिंतीपाशी उभी राहिले. आबा काळा चष्मा लावून गाडीतून उतरले. वाक्य वाचलं.

"आबा, मी खोटं बोलले."

"मले माहीत व्हतं," ते म्हणाले. "मिटाडं म्हनी तू, पन अण्णा कितला भांडना ते सांगंच नही."

त्यांनी हातातली फणी मला दिली आणि गाडीकडे वळले. मी त्यांना थांबवलं. अण्णांना फोन लावला. वाक्य मिटवतेय, पत्र्यांचं काय ते तुम्ही ठरवा, असं सांगितलं. पलीकडून आवाज चढला. आबांना नीट ऐकू जावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला, ओट्यावर ठेवला आणि ब्रश चुन्यात बुडवला.