बहिणीचा माठ

धाकट्या बहिणीचं कौतुक ऐकलं की मला अजूनही ॲसिडिटी होते. आम्ही श्रीरामपूरचे कुंभार. वीस वर्षं मी चाकावर बसतोय, पण वडिलांनी, आप्पांनी, माझ्या माठाला एकदाही 'बरा झालाय' म्हटलेलं नाही. ती बाहेर शिकायला गेली, सिरॅमिकची भांडी करू लागली, आणि हेच आप्पा मोबाईलवरचे तिचे फोटो दुकानातल्या गिऱ्हाइकांना दाखवू लागले.

फोटोत काय, तर डोळ्यांना फसवणारी भांडी. खोल दिसणारा वाडगा हात लावला की सपाट निघायचा. फडक्याची घडी वाटावी ती भाजलेली माती असायची. "पाणी ऱ्हातं का त्यात?" मी विचारायचो. आप्पा पुढचा फोटो दाखवायचे.

गेल्या वर्षी नगरला तिचं प्रदर्शन लागलं. उरलेली खोकी घेऊन मी सकाळीच टेम्पोनं पोचलो. आप्पा दुपारच्या एसटीनं येणार होते. बहीण लाइटवाल्याला बोलवायला बाहेर गेली आणि मी एकटाच उरलो. मधोमध तिनं आदल्या दिवशी मांडलेला मोठा तांबडा माठ होता, अगदी आमच्या घरच्यासारखा. गळ्यापासून बुडापर्यंत तडा गेलेला आणि कडेनं ओल पाझरलेली. मला हात लावायचीसुद्धा गरज वाटली नाही.

आमच्यात तडा ज्याला दिसेल त्यानं तिथल्या तिथं सांगायचं, माठ कुणाचाही असो. आव्यातून, म्हणजे भट्टीतून, भाजून निघालेला माल तपासून काढायचं काम तर आप्पांनी माझ्यावरच सोपवलेलं. तडा लपवून माल दुकानात ठेवला म्हणून आप्पा चुलत्याशी वर्षभर बोलले नव्हते. हे ठाऊक असूनही मी गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आप्पा येतील, सवयीनं माठ वाजवतील, बद्द आवाज येईल आणि चारचौघांत त्यांची लाडकी तोंडावर पडेल, हे चित्र मी मनात तीनदा तरी रंगवलं. बहीण परत आली तरी मी तिथून हललो नाही.

आप्पा आले ते थेट त्या माठापाशी. तडा बघून त्यांचा चेहरा उतरला. बोटाच्या पेरानं त्यांनी माठ वाजवला, तर खणखणीत आवाज आला. त्यांनी पुन्हा वाजवला, मग तड्यावरून अंगठा फिरवला. अंगठा कुठं अडकला नाही की ओला झाला नाही. तडा आणि ओल, सगळं रंगाचं काम होतं.

"जल्म मातीत गेला माजा, आन् मला फसवलं हिनं," ते म्हणाले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"दादाला लई आवडलाय," बहीण खुशीत म्हणाली. "सकाळधरनं त्याच्याम्होरंच उभा हाय."

आप्पांचं हसू थांबलं. ते माझ्याकडे वळले. "मंग तुला तडा दिसला न्हाई व्हय?"

दिसला म्हटलं असतं, तर गप्प का बसलो ते सांगावं लागलं असतं. ज्यांच्या तोंडून एक बरा शब्द ऐकायला वीस वर्षं घालवली, त्यांना मी म्हणालो, "न्हाई दिसला, आप्पा."

त्यांनी माठावरचा हात काढून घेतला.

"उद्यापास्नं आव्यातला माल मीच बघून काढीन," ते म्हणाले.

बहिणीला ती थट्टा वाटली. ती हसत पुढचं भांडं दाखवायला त्यांना घेऊन गेली.