तिसऱ्या मजल्यावरून आईची खुर्ची

मंडळी, हे अंगणातूनच टाईप करतेय.

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीला लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे आई वर्षभर तिसऱ्या मजल्यावरून उतरलेली नव्हती. गावच्या विहिरीचा रहाट आठवून दादाने गॅलरीत तसाच एक रहाट बसवला आणि दोराला खुर्ची बांधली. तांदळाची पोती ठेवून चाचणीही घेतली. आज नारळ फोडून आईला बसवलं. दादा वर रहाटावर, मी खाली अंगणात.

खुर्ची दुसऱ्या मजल्यापाशी आली आणि गॅलरीतून सावंतकाकूंनी करंडा पुढे केला. "दारावरून तशीच जातंस गो? कुंकू लावून जा!"

आई सवयीने कपाळ पुढे करून वाकली. खुर्ची कलंडली. आई दोराला लटकली. मी खालून हात पसरले.

काकूंनी तिचा दंड घट्ट धरला, खुर्ची सरळ झाली, आई सुखरूप खाली आली.

"पोती कुंकवाला वाकत नाहीत रे!" मी दादावर ओरडले. तो खुर्चीला बांधायचा पट्टा शिवायला बसला.

आई अंगणात मजेत गप्पा मारतेय. पण तिला वरही त्याच खुर्चीतून जायचंय. म्हणते, "या वेळी रहाट तू फिरव."

तुम्ही फिरवला असता?