शेजारणीला सांगणारी पेशी

कुणावर लिहावं एवढी माझी पात्रता नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलो तर माफ करा. पण आमच्या मॅडमवर कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि कुणी लिहिलं नाही.

वर्गात कुणालाही काम सोपवलं की टेबलावर बोट वाजवत त्या विचारायच्या, "शेजाऱ्याला सांगितलास काय रं?"

टिळकवाडीतल्या आमच्या कॉलेजात त्या कंत्राटी प्राध्यापिका. खानापूरकडच्या शेतकरी घरातल्या. मागच्या खोलीत त्यांनी करंगळीहून लहान झेब्रा मासे पाळले होते. त्यांची पिल्लं काचेसारखी. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या मेंदूत नवी रक्तवाहिनी कोंबासारखी फुटताना दिसायची.

"टोकाची पेशी वाट काढती. शेजारणीला सांगती, मी पुढं जाते, तू मागं नळी धर. हे सांगणं बंद पडलं की सगळ्याच पुढं पळत्यात. नुसता गुंता!"

"निपाणीच्या बसस्टँडसारखं," मी म्हणालो.

त्या खूप हसल्या. "व्हय. पण पुढं गेलेली मागचीचा हात सोडत न्हाय, बघ."

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला.

माशांवरच्या याच कामावर मॅडमची पीएचडी आणि कायमची नोकरी अवलंबून होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडं यंत्रं बंद ठेवून त्यांची पूजा करतात. गावी जाताना मॅडमनी ऑफिसात बजावलं, "मागच्या खोलीतला हवेचा पंप चालू राहू दे." हेडक्लार्कनी मान हलवली. पूजा करणाऱ्या शिपायाला मात्र सांगितलं नाही.

दसऱ्यानंतर खोली उघडली तेव्हा मी मॅडमसोबत होतो. बंद पंपाला हळदकुंकू, टाकीला झेंडूची माळ आणि पाण्यावर उलटे तरंगणारे मासे.

"एक दिवस मशीन बंद ठेवायची पद्धतच हाय की, मॅडम," हेडक्लार्क म्हणाले. "मासेच न्हवं? बाजारात लई मिळत्यात."

"शेजाऱ्याला सांगितलासा काय वो?" मॅडमनी एवढंच विचारलं. ते हसले. त्यांची कॉलर धरावीशी वाटली मला. अजून वाटते.

चौकशी झाली ती मॅडमचीच. खोली कुणाच्या परवानगीनं वापरली म्हणून. पुढच्या वर्षी त्यांना नेमलं नाही. त्यांनी काढलेला त्या रक्तवाहिन्यांचा फोटो मात्र कॉलेजच्या माहितीपत्रकावर झळकला, त्यांच्या नावाशिवाय. लाज नाही वाटली कुणाला!

परवा वर्गातल्या मैत्रिणीचा फोन आला. "मॅडम आता उद्यमबागेत हायत, एका फाउंड्रीच्या ऑफिसात. तुला कुणी सांगितलं न्हाय व्हय? यंदा तिथली खंडेनवमीची पूजा त्यांनीच केली. पण आधी एकेका मशीनपाशी जाऊन कामगाराला विचारत होत्या म्हणं, हे बंद केलं तर चालतंय न्हवं?"