कंसातली माणसं

लग्नपत्रिका हातात आली की माणूस आधी तारीख बघतो, मग मुहूर्त, मग जेवण कुठं आहे ते. भिंगारदिवे सर आधी कंस बघायचे. आमच्या नगर जिल्ह्यातल्या पत्रिका ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांना सांगते: नवरा-नवरीची नावं मधे चार ओळींत उरकलेली असतात आणि बाकी सगळा कागद पाहुण्यांनी भरलेला असतो. मामा, मावसे, साडू, भावकी, आणि प्रत्येकाच्या नावापुढं कंसात हुद्दा. (ग्रामसेवक, जामखेड). (फोरमन, पुणे). ज्याला काहीच हुद्दा नाही तो (प्रगतशील शेतकरी). सर चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाला लावत आणि खालून वर वाचत येत. कामाचा कंस सापडला की मांडीवर थाप मारत. "आला! ह्यो बघा, आपला मानूस घावला!"

हा 'आपला माणूस' सरांचा कुणीही नसायचा, हे आत्ताच सांगून ठेवते.

सरांचा टायपिंगचा क्लास तिसगावात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत होता. खाली गिरणी सुरू झाली की वर सगळी टेबलं थरथरायची आणि टाइपरायटर हळूहळू सरकत कडेला यायचे. आम्ही एका हातानं मशीन धरून दुसऱ्या हातानं टाइप करायचो. सरांना त्याचं काहीच वाटत नसे. "हितं सरळ टाइप करणारी पोरगी परीक्षेत कुनाला ऐकती व्हय?" असं म्हणून ते खूश व्हायचे. क्लासला नाव घालायचं तर अर्ज, दोन फोटो आणि घरातल्या तीन जुन्या लग्नपत्रिका आणायला लागत. मी घरी येऊन पत्रिका मागितल्या तेव्हा आई म्हणाली, "अगं, ह्यो मास्तर टायपिंग शिकवतोय का लग्नं जमवतोय?"

सर नोकऱ्या जमवायचे. त्यांच्या लोखंडी पेटीत पत्रिकांचे गठ्ठे होते, तालुक्यावार, सुतळीनं बांधलेले. क्लासमधलं कुणी परीक्षा पास झालं की सर गठ्ठे सोडून बसत आणि कंसातल्या माणसाला पोस्टकार्ड टाकत. मजकूर मला अजून पाठ आहे. "आपण मला ओळखत नाही. परंतु आपल्या मेहुण्यांच्या भाचीच्या लग्नपत्रिकेत आपले शुभनाव वाचून आनंद झाला." मग विद्यार्थ्याची माहिती. दहातल्या आठांचं उत्तर यायचं नाही, त्याचं सरांना दुःख नव्हतं. मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, ही माणसं तुमची कोण लागतात हो?" तर म्हणाले, "सगळी आपलीच हायेत, शैले. फक्त त्यास्नी अजून ठाव न्हाई."

आता जरा अवघड गोष्ट सांगते. सर बौद्ध. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर धर्म बदललेला. आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी पोरापोरींना सरांनी नोकरीला चिकटवून दिलं होतं, आणि त्याच घरांतल्या पत्रिकांवर सरांचं नाव कधी छापून आलं नव्हतं. निमंत्रण तोंडी. का, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी काही बोलत नव्हतं. मीसुद्धा नाही. याची मला आजही लाज वाटते.

माझी परीक्षा झाली तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. बी.कॉम. झालं होतं, टायपिंगही दोन्ही भाषांतलं. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, मला मुदत दिली होती. "दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर तुझं खरं. न्हाईतर शेवगावचं स्थळ हाय, मग माझं ऐकायचं." मुलगा वाईट नव्हता. पण त्याच्या आईनं मला एकच प्रश्न विचारला होता, "एका दमात भाकरी किती थापतीस?" मी रात्रभर त्या भाकरी मोजत पडले होते. दुसऱ्या दिवशी क्लासवर जाऊन रडले. सरांनी रडू दिलं, मग म्हणाले, "झालं? आता डोळं पूस. आपन ई-मेल करू."

नगरला माळीवाडा स्टँडजवळ इंटरनेटचं दुकान निघालं होतं. सर तिथं जाऊन स्वतःचा ई-मेल काढून आले होते. दर सोमवारी सकाळची एसटी धरायची, करंजीचा घाट उतरून नगरला जायचं, तासभर बसायचं, दुपारच्या गाडीनं परत. मजकूर आधी क्लासवर टाइपरायटरवर टाइप करून न्यायचे आणि तिथं बघून बघून पुन्हा टाइप करायचे, म्हणजे चूक नको. दुकानाचा मालक हसायचा. पण ई-मेल पाठवायला समोरच्याचा ई-मेल हवा, तो पत्रिकेत कुठला? सरांनी कंसातल्या बड्या माणसांना पोस्टकार्डं टाकली, "आपला ई-मेल असल्यास उलट टपाली कळवावा." आणि नवल म्हणजे बऱ्याच जणांनी कळवला! ठाणे, पुणे, नाशिक, एक तर थेट दुबई. एकेचाळीस पत्ते जमले.

सरांनी माझ्यासाठी जो पहिला ई-मेल पाठवला तो पाहून मी कपाळाला हात लावला. एकेचाळीस जणांना एकच पत्र, आणि सगळ्यांचे पत्ते वर एकाखाली एक, सगळ्यांना दिसतील असे. तेवढ्यावर भागलं नाही. मजकुराच्या सुरुवातीला एकेचाळीस नावं, वयाच्या मानानं लावलेली, प्रत्येकापुढं कंसात हुद्दा. शेवटी तळाला चार ओळींत मी, आणि 'निरोपासाठी' म्हणून तिसगाव स्टँडवरच्या एसटीडी बूथचा नंबर. थोडक्यात, सरांनी माझी पत्रिका काढली होती, फक्त लग्नाची नव्हती.

"सर, एकेकाला वेगवेगळं पाठवायचं असतं!"

"वेगवेगळं? म्हंजे ह्याला त्याचं कळू द्यायचं न्हाई? तसलं चोरून काम आपल्याला जमनार न्हाई. चार मान्सांत मागावं, मग चार मान्सांत देतो मानूस."

पुढच्या सोमवारी एकच उत्तर आलं. पुण्याच्या एका कारखान्यातले देशमाने साहेब. "कृपया माझे नाव या यादीतून काढून टाकावे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र विचारात पडले. कागद खालून वर वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "सतराव्या नंबराला टाकलं गं त्यांना! एवढा मोठा मॅनेजर आन सतरावा! रागावनार न्हाई तर काय?" त्याच बैठकीला सरांनी सगळं पत्र पुन्हा पाठवलं, देशमाने साहेबांचं नाव सर्वांत वर आणि 'अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल दिलगिरी' जोडून.

मग जे व्हायचं ते झालं. आधी जे पहिल्या नंबरवर होते ते ठाण्याचे निवृत्त इंजिनिअर भडकले. त्यांनी लिहिलं, मी वयानं मोठा, मला खाली का घेतलं? उत्तर देताना त्यांनी ते सगळ्यांनाच पाठवलं. त्यावर नाशिकच्या एकानं त्यांना विचारलं, "आपण पाथर्डीच्या हेडमास्तरांचे चिरंजीव का? मी आपल्या वर्गात होतो." झालं! तिसऱ्या सोमवारी सर गेले तर पत्रांचा ढीग. कोण जामखेडचा, कोण कुणाचा साडू, कुणाची बोर्डिंगातली खोली कोणती, दुबईच्या माणसाला घरच्या हुरड्याची आठवण. एकेचाळीस माणसं सरांना विसरून आपापसात बोलत सुटली होती. माझ्या नोकरीबद्दल एक अक्षर नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा मी सरांवर चिडले. दिवाळी बारा दिवसांवर आली होती. "तुम्हाला त्यांचं पडलंय, माझं काय?" असं मी बोलून गेले. पत्रांचे छापून आणलेले कागद त्यांनी नीट घडी करून पेटीत ठेवले आणि म्हणाले, "थांब जरा. आत्ता कुठं त्यास्नी ठाव व्हायला लागलंय."

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, बूथवाले शेख चाचा धापा टाकत गिरणीचा जिना चढून आले. नगरहून यादीतल्याच एकाचा फोन होता. शुक्रवारी सकाळी दहाला शैलाला पुण्याला देशमाने साहेबांकडं पाठवा. चाचा खाली जाऊन टेकतात तोच ठाण्याचा फोन, तोच निरोप. मग नाशिकचा. तेव्हा चाचांनी खालूनच हाक मारली, "सर, आता चौथा आला तर मी चढनार न्हाई! ह्या पोरीला बूथवर आनून बसवा!"

झालं होतं असं, की देशमाने साहेबांना त्या गर्दीत त्यांचा पंधरा वर्षं हरवलेला बोर्डिंगातला दोस्त सापडला होता. खुशीत येऊन त्यांनी मंगळवारी सकाळी लिहिलं, नाव राहू द्या, मुलीला शुक्रवारी पाठवा. सर आता नगरला जाणार ते थेट सोमवारी. तोवर शुक्रवार होऊन गेला असता. साहेबांनी एकट्या सरांना लिहिलं असतं तर मी आज शेवगावात भाकरी थापत असते. पण पत्र एकेचाळीस जणांनी वाचलं होतं, आणि ज्याच्या टेबलावर फोन होता तो प्रत्येक जण माझ्यासाठी तिसगाव लावत बसला होता.

पुण्याला देशमाने साहेबांनी टायपिंग बघितलं, प्रमाणपत्रं बघितली आणि शेवटी विचारलं, "हे भिंगारदिवे तुमचे कोण?"

"सर आहेत माझे."

"ते कळलं. नात्यानं कोण?"

"नात्यानं कुणी नाहीत."

साहेबांनी प्रमाणपत्रं परत माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "एक तारखेपासून या." दिवाळीला आठ दिवस होते. तात्यांनी शेवगावला नकार कळवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा गिरणीचा जिना चढून सरांना घरी जेवायला बोलावलं. सर आले, आईच्या हातची आमटी दोनदा मागून घेतली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमागं खोचलेल्या दोन पत्रिका काढून खिशात घातल्या.

वर्षभरानं माझं लग्न ठरलं, मला पसंत असलेल्या मुलाशी. पत्रिकेची नावं लिहायला भावकी जमली. तात्या लिहीत होते, मी मागं उभी. मी म्हटलं, "तात्या, सरांचं नाव." मग चुलते म्हणाले, "ते आपल्या भावकीत हायेत, का सोयऱ्यात? कंसात काय लिवनार?" या वेळी मी गप्प बसणार नव्हते, पण तात्यांनी मला बोलूच दिलं नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली, पेन उचललं आणि सगळ्यांच्या वरती लिहिलं: श्री. रंगनाथ भिंगारदिवे (घरचे). चुलते उठून बाहेर गेले. संध्याकाळी परत आले, कारण पत्रिका वाटायचं काम त्यांच्याकडंच होतं.

पत्रिका घेऊन मी सरांकडं गेले. त्यांनी सवयीनं चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाला लावला आणि खालून वाचायला सुरुवात केली. साडू, मावसे, मामा. एका तलाठ्यापाशी थांबून मांडीवर थाप मारली, पुढं सरकले. वर पोचले आणि थांबले. खाली गिरणी चालू होती. एक टाइपरायटर सरकत कडेला आला, तो त्यांनी न बघताच एका हातानं धरला.

"नाव लई वर घेतलंय," शेवटी म्हणाले. "सतराव्या नंबराला चाललं असतं."

मी निघाले, तर जिन्यातून मागं बोलावलं.

"शैले, आनखी एक दे. एक गठ्ठ्याला, आन एक घरी."