नाव माझं, फोटो अक्काचा

माझ्या विम्याच्या कार्डावर नाव माझं आहे आणि फोटो माझ्या जावेचा. तिचा एकटीचा असता तर एक वेळ चाललं असतं. पण तो कुटुंबाचा फोटो. त्यात माझा नवरा आहे, माझी दोन्ही लेकरं आहेत, धाकटी तर मांडीवरच आहे, आणि ती मांडी माझ्या थोरल्या जावेची. मी कुठंच नाही. हे असं कसं झालं म्हणून कुणी विचारलं की मी आधी चिडते, मग सांगते.

आमच्या चिटगुप्प्याच्या बाहेर तुरीची एक दाळमिल आहे. पट्ट्यावरून दाळ पुढं सरकत राहते आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका त्यातले खडे आणि काळे दाणे वेचून काढतात. तिथं नाव एकीचं असलं तरी काम एकीचं नसायचं. आमच्या घरची जागा आधी सासूची होती, तिच्या मागं ती माझ्या नावावर आली, पण काही दिवस मी जायची आणि काही दिवस अक्का. अक्का म्हणजे हीच माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणते आणि भांडताना अगंतुगं करते. घरात ताप असो, बाळंतपण असो, मयत असो, आमची जागा कधी रिकामी राहिली नाही. बाकीच्या घरांतही तेच चालायचं, कुठं सासू-सुना, कुठं मायलेकी. धुळीपायी सगळ्याजणी नाकातोंडाला फडकं बांधतात, नुसते डोळे उघडे राहतात. मुनीम डोळ्यांवरून माणूस ओळखायचा, पण बोलायचा नाही.

मग एक दिवस सावकारानं आम्हाला पट्टा थांबवून बोलावलं. मिलच्या मालकाला आमच्याकडं सावकार म्हणतात. तो म्हणाला, तुमचा सगळ्यांचा सरकारी विमा केलाय. दवाखाना फुकट, औषधं फुकट, आजारी पडलात तर घरी बसून पगार.

"घरी बसून पगार?" माझ्या शेजारची माझ्या कानात म्हणाली, "सावकाराला काय झालंय गं? ताप-बिप आलाय का?"

मलाही तेच वाटलं. हा माणूस चहात दूध घालताना हात आखडणारा. त्याला आमच्या तब्येतीचा एवढा कळवळा कामून यावा? तो समजावून सांगत होता की बाई धडधाकट असली तर पट्टा नीट चालतो, बाई आजारी पडली की पट्टा थांबतो आणि माल मागं राहतो. अरे बाबा, पट्टा थांबला कधी? आम्ही थांबू दिला कधी? एक पडली की दुसरी उभी, हेच तर आम्ही इतकी वर्षं करत आलो. कुणी म्हणालं, सरकारनं दंडा दाखवला असणार. कुणी म्हणालं, आधी तपासणार, मग ज्यांच्या छातीत काही निघेल त्यांना घरी बसवणार. तपासणीच्या नावानं किडनी काढून घेतात ही गोष्टही निघाली, ती निघतेच. मला किडनीचं खरं वाटलं नाही, पण छातीचं वाटलं.

आणि सगळं झाल्यावर सावकारानं जाता जाता मुद्द्याचं सांगितलं. आता जिचं नाव तिनंच यायचं. बदली बंद.

घ्या! मी घरी येऊन अक्काला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. ती विधवा बाई, माझा थोरला दीर जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते. मधल्या काळात ती माहेरी, उदगीरच्या बाजूला राहून आली, तिकडंच तिचं राशनकार्डावर नाव लागलं आणि तिकडंच राहिलं. महाराष्ट्रातलं कार्ड हिकडं कर्नाटकात कुणी विचारत नाही. मिलचे अर्धे दिवस गेले तर तिच्याजवळ राहिलं काय? मी म्हटलं, "फडकं तर बांधायलोत ना तोंडाला? तू ये. बघू कोण फडकं सोडायलंय ते." आणि आम्ही आधीसारख्याच जात राहिलो, फक्त चोरून.

फोटोच्या वेळी मी मादन हिप्परग्याला माहेरी होते. आईचा पाय मोडला होता. मिलमध्ये फोटोवाला आला, मुनीम म्हणाला आजच्या आज काढा, नवरा-लेकरं बोलावून घ्या, ज्या बाईचा फोटो नाही तिचं कार्ड नाही. त्या दिवशी माझ्या जागेवर अक्का होती. माझा नवरा लेकरांना घेऊन गेला, आणि फडकं सोडून अक्का त्याच्या शेजारी बसली. दुसरं काही सुचलंच नाही म्हणे दोघांना.

मी परत आले आणि कार्ड हातात घेतलं. मला काय दिसलं असेल? तिच्या कपाळावरची टिकली दिसली. दीर गेल्यापासून अक्कानं टिकली लावलेली मी बघितली नव्हती.

"ही कामून लावलीस?" मी विचारलं.

"मुनीम म्हणाला, नवरा शेजारी बसलाय आणि कपाळ मोकळं कसं. शेजारणीनं आपली काढून लावली," ती म्हणाली. "लगेच काढली गं."

नवऱ्याला हसू फुटलं होतं. म्हणाला, "सरकारनं दुसरी दिली मला, आता काय करू?" मी त्याच्या अंगावर तांब्या फेकला. गल्लीतल्या बायांना तर खेळणंच मिळालं. अक्का पाण्याला गेली की कुणीतरी विचारायचंच, काय गं, आज नवऱ्याला ताट कोण वाढणार, तू का ती? अक्का हसून पुढं जायची. माझ्या डोक्यात मात्र किडा शिरला तो शिरलाच.

कार्ड मी पेटीत, कपड्यांच्या खाली ठेवलं. ठेवताना फोटो खाली करून ठेवायची, मला ते तोंड बघायचं नव्हतं. एकदा लुगडं काढायला पेटी उघडली तर फोटो वर. पुन्हा खाली करून ठेवलं, आणि काही दिवसांनी पुन्हा वर. पेटीला कुलूप नव्हतं आणि घरात हात घालणारं दुसरं कोण होतं? मग मी लक्ष ठेवायला लागले. जे दिवस माझे मिलचे, त्या दिवशी अक्का घरी नसायची, लेकरं सांगायची. कुठं गेली होतीस विचारलं की राजेश्वर गावात मैत्रीण हाय, तिच्याकडं गेल्ते. राजेश्वरची मैत्रीण इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती. आणि एकदा संध्याकाळी मिलमधून येताना बघते तर काय, माझ्या नवऱ्याच्या गाडीवर मागं अक्का. मला बघून तिनं पदर तोंडावर ओढला.

नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, वाटेत दिसली, बसवून घेतली. इतकं सरळ उत्तर देणारा तो माणूसच नव्हे. मी रात्रभर कूस बदलत राहिले आणि ठरवलं, आता डोळ्यांनी बघायचं.

पुढच्या खेपेला मी मिलला जाते म्हणून निघाले आणि वडाच्या आडोशाला उभी राहिले. अक्का निघाली. एकटीच. ती टमटममध्ये बसली, मी मागच्या टमटममध्ये. ती उतरली ती विम्याच्या दवाखान्याच्या दारात. आत बाकड्यांवर बायामाणसं बसली होती, मी पदर पुढं ओढून मागच्या बाकड्यावर बसले. थोड्या वेळानं कंपाउंडरनं हाक मारली. नाव माझं होतं, नवऱ्याचं, आडनावासकट. मी उठायलाच लागले, तेवढ्यात पुढच्या बाकड्यावरून अक्का उठली आणि आत गेली.

राग असा आला म्हणता! चोर घरातच होता. माझा संशय खोटा नव्हता, फक्त मी चोरी भलतीच धरली होती. मी तिच्या मागून सरळ आत घुसले.

डॉक्टरीणबाई छातीचा फोटो उजेडात धरून बघत होत्या. अक्का मला बघून पांढरी पडली, पण तिला दम एवढा लागला होता की बोलायलाच येईना. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, तुम्ही यांच्या कोण? जाऊ, म्हटलं. मग त्या मलाच सांगायला लागल्या. छातीत पाणी झालंय, मागच्या वेळीच सांगितलं होतं, या ऐकत नाहीत. उद्याच्या उद्या गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखल करा, चिठ्ठी देते. उशीर केला तर जिवावर बेतेल. आणि यांच्या नवऱ्याला घेऊन या, सही लागेल.

"आणते," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी विश्रांतीचा कागदही लिहून दिला, माझ्या नावानं. म्हणजे आता माझ्या नावानं अंथरूण धरलं होतं. मी धडधाकट असून मिलला जायचं नव्हतं, आणि जाणार तरी कुठल्या तोंडानं? आमची जागा त्या दिवशी पहिल्यांदाच रिकामी राहिली होती आणि आता पुढंही राहणार होती. सावकार म्हणाला होता, घरी बसून पगार. तो असा येईल असं काही मला वाटलं नव्हतं.

बाहेर पायरीवर अक्काला बसवलं आणि मी सुटलेच. "मला न सांगता कामून आलीस? गाडीवर आणणाऱ्या माझ्या नवऱ्याला माहीत, मलाच न्हाई? मी काय मेले होते?"

"तुला मागितलं असतं तर दिली असतीस कार्ड?"

खरं सांगायचं तर त्या टिकलीनंतर दिलं नसतं.

"बरं, आलीस ते आलीस," मी म्हटलं, "मग गुलबर्ग्याला कामून न्हाई म्हणायलीस? फुकटात हाय, सावकाराच्या नाकावर टिच्चून हाय. आजवर चोरून औषध घेतलीस आणि आता उपचाराला न्हाई?" माझ्या मनात तेव्हाही शंकाच होती, की ही अजून काहीतरी लपवायली.

अक्कानं दम खाऊन सांगितलं, थांबत थांबत. "गोळ्यांचं वेगळं गं. दवाखान्यात झोपवतेत ते वेगळं. तुझे दीर गुलबर्ग्यालाच गेल्ते ना? गेले चालत, आले गाडीत. तेरावं व्हायच्या आधी त्यांचं नाव समद्या कागदांतून खोडलं होतं. मी तितं मेले तर कोण मरंल सांग? तू मरशील. तुझं राशन जाईल, तुझी जागा जाईल, ही लेकरं कागदावर बिनमायची होतील. मी जिवंत हाय म्हणून कुठं कुठं सांगत फिरशील? मला मरू दे घरी. माझ्या नावानं मरते."

माझ्या कपड्यांखालून कार्ड काढताना ती एवढा विचार करत होती आणि मी टिकली बघत बसले होते! मी तिला तिथंच पायरीवर शिव्या घातल्या. अशा घातल्या की दवाखान्याचा शिपाई बाहेर आला. रडत होते आणि शिव्या देत होते.

दुसऱ्या दिवशी गुलबर्ग्याला आम्ही तिघं गेलो. बसमध्ये अक्का माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती आणि तिचा श्वास मला कानात ऐकू येत होता, भरलेल्या घागरीसारखा. नवरा पुढच्या सीटवर होता, मागं वळून बघायची त्याची हिंमत नव्हती. घरून निघताना अक्का येते म्हणाली होती, पण मला भरवसा नव्हता. तिचा हात मी सोडला नाही.

खिडकीतल्या बाईनं कार्ड घेतलं, फोटो बघितला, अक्काकडं बघितलं. "पेशंटचं नाव?"

अक्का बोलेना. तिनं ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली, न्हाई म्हणून. बाईनं पुन्हा विचारलं. मागं रांग होती, माणसं ओरडायला लागली. नुसतं एक नाव सांगितलं नाही म्हणून आम्ही ते छातीतलं पाणी घेऊन परत गावाला गेलो असतो.

मी तिला बाजूला केलं आणि माझं नाव सांगितलं. माझं वय सांगितलं. लेकरं किती विचारलं, माझी दोन्ही सांगितली. अक्कानं माझा दंड धरून ओढलं, मी हाललेच नाही. नवऱ्यानं सही केली. मग त्या बाईनं दुसरा कागद पुढं घेतला.

"पेशंटबरोबर कोण राहणार?"

"मी. जाऊ हाय तिची."

"तुमचं नाव?"

नवरा पेन हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. मी अक्काचं नाव सांगितलं. मालकाचं नाव विचारलं तेव्हा माझ्या दिराचं सांगितलं, आणि ते वारले हेही सांगितलं.

"माझं नाव खोडलंच तर तुझ्या नावानं जगीन," मी तिच्या कानात म्हटलं. अक्कानं माझा दंड सोडला आणि ती आत गेली.